देवरहाटीचा निधी: आमच्या प्रकल्पाच्या नोंदी (पेव्हर ब्लॉक सोडून काहीही चालेल)

२२ ऑगस्ट २०२३

१५ ऑगस्टची ग्रामसभा कोरम नाही म्हणून तहकूब झालेली, ती आज झाली. नियमाने १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असेल ते, पण भाताची बेणणी चालू असताना १०० सोडा, ३० माणसं पण येत नाहीत, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही हे सगळ्यांना माहिती असल्यामुळे तेच आमचं खरं टाइमटेबल आहे. ठराव झाला की देवरहाटीचं (देवीच्या नावाने राखलेलं जुनं रान, म्हणजे देवराई) संरक्षण करायचं, आतली जुनी पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) नीट करायची, बघायला येणाऱ्या लोकांसाठी फिरायची वाट काढायची आणि ह्या सगळ्याला निधी आणायचा. निधी आणायचं काम माझ्याकडे आलं कारण लॅपटॉप माझ्याकडे आहे.

एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवतो, माझा दोन खोल्यांचा होमस्टे आहे आणि देवरहाटीत पाहुणे फिरले तर माझा फायदा आहे. मी नाही लिहिलं तर वाडीतले सांगतीलच.

२ सप्टेंबर

सातबारा काढला. १ हेक्टर ३२ आर, म्हणजे सव्वातीन एकर. भोगवटादार महाराष्ट्र शासन, इतर हक्कात ग्रामदेवीचं नाव आणि पुढे 'देवरहाटी'. तलाठी तात्यांना विचारलं की मग नाहरकत कोणाची घ्यायची, तर म्हणाले तहसीलदार साहेबांना लिहा. वनवाल्यांकडे गेलो तर ते म्हणाले आमच्या नकाशात ही जमीन नाही, पण आत बांधकाम बिंधकाम करू नका हां, १९९६ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने जे दिसायला वन ते वनच धरतात. म्हणजे सांभाळायला कोणाचं नाही आणि मनाई करायला सगळ्यांचं. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणे, "मालक देवी हाय, तिची सही आण."

५ सप्टेंबर

जैवविविधता समितीचं दप्तर बघितलं. समिती कागदावर आहे, अध्यक्ष आणि सहा सदस्य, मी त्यातला एक, आणि आजपर्यंत मीटिंग दोन. हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली होती आणि नंतर महिन्याला १० लाख दंड म्हटल्यावर राज्यभर धावपळ झाली, त्या धावपळीत आमची लोकजैवविविधता नोंदवही कोणीतरी बाहेरच्या एजन्सीने भरली. त्यात माशांची दोन पानं आहेत. आमच्या गावात नदी नाही. देवरहाटीतल्या बेहड्याचं, किंजळीचं, गारंबीच्या वेलाचं नाव नाही, साग मात्र आहे, तो शाळेच्या मागे आम्हीच लावलेला.

निधी मागायला गेलं की हीच वही पुढे ठेवावी लागते. म्हणून पहिलं काम वही परत लिहिणं. गुरवकाकांना घेऊन रविवारी बसणार.

१४ सप्टेंबर

रावसाहेब (पंचायत समितीचे इंजिनिअर) साइट बघायला आले. माणूस चांगला, पाऊस असताना पण आत शिरले, जळवांना घाबरले नाहीत. वर आल्यावर पायातली जळू चुन्याने सोडवत म्हणाले, "काम काय आहे ते सांगा. म्हणजे आयटम काय?"

मी म्हटलं काम असं की आत काही करायचं नाही. बाहेरून गडगा (सिमेंटशिवाय रचलेली दगडी भिंत) घालून गुरं आणि आग येऊ द्यायची नाही, रानमोडीचं तण उपटायचं आणि वर्षातले तीन महिने एक माणूस ठेवायचा.

ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले की दरसूचीत (सरकारी दरांच्या यादीत) 'काही करायचं नाही' ह्याला रेट नाही. खणणं, भरणं, बांधणं, बसवणं ह्यालाच रेट. माणसाचा पगार तर कुठल्याच हेडमध्ये बसणार नाही. मग स्वतःच उपाय सुचवला की देवळापासून वाटेपर्यंत पेव्हर ब्लॉक टाकू, एक कमान, चार सिमेंटचे बाक, एक सेल्फी पॉइंट, मग ह्या इस्टिमेटमध्ये तुमचा गडगा कुठेतरी बसवून देतो.

मला हसू आलं पण त्यांचं खोटं नव्हतं. आमच्या तालुक्यात निसर्ग म्हणून जेवढा पैसा आला तो सगळा ६० एमएमच्या ब्लॉकमध्ये गेलाय, स्मशानात ब्लॉक, शाळेत ब्लॉक, पिंपळाच्या पारावर ब्लॉक, तो पिंपळ आता वाळतोय.

२१ सप्टेंबर

गणपतीला चाकरमानी आलेत. रात्री आरती आणि जाखडीच्या मध्ये मुंबई मंडळाची मीटिंग. मी अर्धा तास बोललो, सगळ्यांनी ऐकलं, मग मंडळाचे सेक्रेटरी भाऊ म्हणाले की देवरहाटी पाहिजेच, त्यात वाद नाही, पण आधी देवीला सभामंडप पाहिजे, मंडळाने वर्गणी जमवायला सुरुवात केली आहे आणि उरलेले 'पंचवीस पंधरा'तून आणू. (बाहेरच्यांसाठी, २५१५ हे लेखाशीर्ष, ग्रामविकासच्या मूलभूत सुविधा, लोकप्रतिनिधी सुचवतात ती कामं. गावात शेंबडं पोर पण हा नंबर ओळखतं.)

मंडपाला माझा विरोध नाही हे मी तीनदा सांगितलं. विरोध मंडपाच्या कॉलमच्या आड येणाऱ्या झाडांना हात लावण्याला आहे. कोकणातल्या किती राया अशाच गेल्या, कोणी लाकूडतोड्याने नाही नेल्या, भक्तीनेच नेल्या, जीर्णोद्धार, मग मंडप, मग पार्किंग, मग उरलेल्या चार झाडांना रंगीत लाइट.

९ ऑक्टोबर

खासदार निधीचा दरवाजा बंद. वर्षाला ५ कोटी असतात, त्यातून एखादा तुकडा मिळेल असं वाटलं होतं, पण त्याच्या मार्गदर्शक सूचनांत धार्मिक स्थळाच्या आत किंवा धार्मिक मालकीच्या जमिनीवर काम चालत नाही. मी म्हटलं सातबाऱ्यावर शासन आहे. क्लार्क म्हणाला इतर हक्कात देवी आहे ना. बरोबरच आहे त्याचं, उगाच कशाला भांडू. फक्त गंमत अशी की वनवाल्यांसाठी ते वन, महसूलसाठी सरकारी आणि ह्यांच्यासाठी देऊळ.

३० ऑक्टोबर

सीएसआरचा (कंपन्यांच्या सामाजिक निधीचा) कॉल झाला. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, बाई बोलायला नीट होत्या. कंपनी कायद्याने सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करायचे असतात आणि पर्यावरण त्या यादीत आहेच, त्यामुळे मला फार आशा होती. संवाद जसा झाला तसा लिहितो.

"झाडं किती लावणार?"
"लावणार नाही मॅडम, तिथे आहेत."
"किती आहेत?"
"मोजतोय. घेर मोजून घेतोय. एक बेहडा चार माणसांच्या कवेत येत नाही."
"मग प्लांटेशन कुठे करणार?"

शेवटी त्या म्हणाल्या मियावाकी (दाटीवाटीने रोपं लावायची पद्धत) करा, २००० रोपं, आम्ही बोर्ड लावू, फोटो आधीचा आणि नंतरचा लागतो. आधीचा फोटो म्हणजे ओसाड जमीन. आमच्याकडे ओसाड जमीन नाही हीच अडचण निघाली. सरपंच ताई बाजूला बसून ऐकत होत्या, फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "आधी तोडली असती तर बरं झालं असतं का रे?"

२०१९ ला ३३ कोटी वृक्षलागवड होती तेव्हापासून सगळ्यांच्या डोक्यात पर्यावरण म्हणजे खड्डा आणि रोप एवढंच बसलंय. जुनं झाड राखायचं त्याला हेडच नाही.

अगदीच नाही असं पण नाही म्हणा. देवरुखकडे पुण्याच्या एईआरएफ ह्या संस्थेने खासगी जंगलमालकांशी करार केलेत, जंगल तोडायचं नाही आणि त्याबदल्यात मोबदला, शिवाय तिकडचा बेहडा फेअरवाइल्डच्या शिक्क्याने (रानातला माल जपून काढल्याचं प्रमाणपत्र) बाहेर विकला जातो आणि त्याच बेहड्यांच्या ढोलीत धनेश पक्षी राहतो. हे मॉडेल मला पटतं. पण ते खासगी मालकाला. आमची मालकीण सही करत नाही.

१९ नोव्हेंबर

भात कापून झालं, झोडणी पण उरकली. आज श्रमदान, १७ जण आले, त्यात ११ बायका. वरच्या अंगाचा गडगा ढासळला होता तो ४० फूट उभा केला. जांभ्याचे पडलेले चिरे आणि काळा धोंडा, सिमेंटचा कण नाही. भिकूआजोबा ह्यात उस्ताद, एक धोंडा उचलतात, फिरवतात, दोन्हीकडे बघतात, ठेवत नाहीत, दुसरा घेतात, आणि मग पहिलाच परत उचलून असा बसवतात की हलत नाही. मी बसवलेले दोन त्यांनी न बोलता काढले.

मंडळाने तारेची जाळी सुचवलेली. कास पठारावर जाळीचं कुंपण घातलं आणि पुढे काढून टाकावं लागलं हे मी त्यांना सांगितलं. गडग्यावरून मुंगूस जातं, साळिंदर जातं, गुरं जात नाहीत, अजून काय पाहिजे.

२८ जानेवारी २०२४

परवाच्या २६ च्या ग्रामसभेत (ह्या वेळी कोरम भरला, हळदीकुंकू त्याच दिवशी ठेवलेलं) पुढच्या वर्षाचा आराखडा वाचला. पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा ६० टक्के बंधित, तो पाणी आणि स्वच्छतेलाच, उरलेला ४० टक्के अबंधित. त्या अबंधितमध्ये गडग्याला जागा मिळाली. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी फार मदत केली, रावसाहेबांनी गडग्याला 'सुका दगडी बांध' असं नाव देऊन इस्टिमेट केलं, १ लाख ४० हजार. राखणदाराचा पगार त्यातून होणार नाही, पगार आणि आस्थापना वित्त आयोगाला चालतच नाही.

दुसरीकडे जिल्हा नियोजनचा प्रस्ताव पण पुढे सरकलाय, 'क वर्ग' पर्यटनस्थळ म्हणून. रक्कम मोठी आहे. त्यात स्वच्छतागृह आहे (पाहिजेच), माहितीचा फलक आहे (चालेल), आणि पार्किंग आहे, सहा गाड्यांचं, पेव्हर ब्लॉकसकट.

६ फेब्रुवारी

मोजणीवाले रोव्हर (सॅटेलाइटवरून मोजणारं यंत्र) घेऊन आले. पूर्वी साखळी ओढत दिवस जायचा, आता दोन तासांत खुणा. पार्किंगची जागा देवरहाटीच्या सर्व्हे नंबरच्या बाहेर आली, गावठाणात. आणि रस्त्याकडेचा मोठा बेहडा आणि त्याच्या शेजारची किंजळ पण बाहेर आली. साडेतीन मीटरने.

गावातल्या कुठल्याही पोराला विचारा देवरहाटी कुठे सुरू होते, तो बेहड्याकडे बोट दाखवेल. पण सॅटेलाइटला कोण विचारणार.

१२ फेब्रुवारी

आज कौल लावला. आत काय किंवा कडेला काय, कुऱ्हाड लावायची तर देवीला विचारल्याशिवाय चालत नाही, ह्यावर मंडळ पण आमच्या बाजूला. सेक्रेटरी भाऊ मुद्दाम रात्रीच्या गाडीने आले.

गुरवकाकांनी देवीला पाणी घातलं, ओल्या पाषाणावर दोन्ही अंगाला पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं, पार्किंगसाठी दोन झाडं काढायची हायत, तुझी मर्जी असंल तर उजवी दे. मग वाट बघणं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. कोणी बोलत नाही. कोणाचा तरी फोन वाजला, त्याने खिशातच दाबला. माझ्या पायाला मुंग्या आल्या. ४० मिनिटांनी डावी पडली.

मी श्वास सोडला आणि तेवढ्यात भाऊ म्हणाले, "काका, दोन्हीचं एकत्र का विचारता, किंजळीचं वेगळं विचारा." परत पाकळ्या, परत गाऱ्हाणं, आणि ह्या वेळी दोन मिनिटांत उजवी.

म्हणजे बेहडा राहिला आणि किंजळ गेली. माझा कौलावर विश्वास आहे का ते विचारू नका, मला पण माहिती नाही. पण एवढं खरं की सहा महिने मी जेवढी कागदपत्रं फिरवली त्यातल्या एकाही कागदाने एक झाड वाचवलेलं नव्हतं.

२५ फेब्रुवारी

सकाळी सात वाजता बेहड्याखाली बसलो होतो. आधी पंखांचा आवाज येतो, जुन्या वाफेच्या इंजिनासारखा, मग पक्षी दिसतो. धनेश, आमच्याकडचे म्हातारे गरूडच म्हणतात. नर एकटाच आला, ढोलीच्या तोंडाशी लटकला आणि घशातून एकेक फळ वर काढून फटीत देत राहिला. मी मोजली, १४. मादी आत लिंपून घेऊन बसली आहे, फक्त चोचीचं टोक दिसतं.

व्हिडिओ रावसाहेबांना पाठवला. त्यांचा रिप्लाय, "जबरदस्त. माझ्या मुलीला दाखवायला आणतो."

१७ मार्च

काल लोकसभेची आचारसंहिता लागली. आमचं मतदान ७ मे ला. जिल्हा नियोजनच्या पार्किंगची प्रशासकीय मान्यता झालेली होती पण वर्क ऑर्डर नव्हती, त्यामुळे ते काम आता जूनपर्यंत थांबलं. किंजळ उभी आहे.

गडग्याची वर्क ऑर्डर मात्र ११ तारखेला निघाली होती, त्यामुळे ते काम चालू. भिकूआजोबांना मिस्त्री म्हणून लावलं, त्यांनी आधी नकार दिला, म्हणाले देवीच्या कामाचे पैसे घेत नाय. मग सरपंच ताईंनी समजावलं की पैसे दिल्लीचे आहेत, तुम्ही नाही घेतले तर परत जातील. घेतले.

२७ मार्च

शिमगा झाला. पालखी देवरहाटीतूनच सहाणेवर (पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर) येते, त्यामुळे सगळं गाव, सगळे चाकरमानी आणि त्यांचे पाहुणे तीन दिवस इथेच. ही संधी साधून पावतीपुस्तक सुरू केलं, बाहेरच्या पाहुण्याला ५० रुपये, गावकऱ्याला काही नाही. कासला आजूबाजूच्या गावांच्या समित्या मिळून प्रवेश शुल्क घेतात आणि त्यातूनच राखण करतात, ते बघूनच ठराव केला होता. पैसे स्थानिक जैवविविधता निधीच्या खात्यात, ते खातं कायद्यात आहे, बँकेच्या मॅनेजरला पहिल्यांदाच ऐकायला मिळालं.

८७ पावत्या, ४३५० रुपये. राखणदार महिन्याला ८००० म्हणतो. म्हणजे अख्ख्या शिमग्याने १६ दिवसांचा पगार निघाला.

एका पाहुण्याने विचारलं ५० रुपयात बघायला काय आहे. पोरीने (आमच्या सरपंच ताईंची, नववीत आहे) सांगितलं, "काही नाही काका, झाडं आहेत, हळू बोलायचं."

११ एप्रिल

लिहायची इच्छा नव्हती पण नोंद पाहिजे. परवा दुपारी वणवा लागला. खालच्या वाडीत कोणीतरी भाजावळीचा राब (भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला पसरलेला पाला) पेटवला आणि वारा फिरला, कोणी ते सगळ्यांना माहिती आहे आणि कोणी बोलणार नाही. काजूची बाग पेटली, तिथून गवत, तिथून आमच्या खालच्या अंगाला. फोन करत करत २५ जण जमलो, पाण्याचा उपयोग नाही, तेवढं पाणीच नाही, ऐनाच्या हिरव्या डहाळ्यांनी झोडपायची आग. धुरात एकमेकांचा आवाज फक्त. माझ्या डाव्या हाताचे केस गेले, शेजारच्या वहिनींचा पदर पेटता पेटता राहिला.

जिथे नवीन गडगा झालेला तिथे आग थांबली, कारण काम करताना बायकांनी गडग्याच्या बाहेर सहा फूट पाचोळा काढून टाकला होता, बसायला. जिथे गडगा व्हायचा होता तिथून ती आत शिरली. दीड एक गुंठा गेला. सुरंगीचं एक तरणं झाड आणि वेल सगळे. बेहडा वाचला, धूर ढोलीपर्यंत गेला असणार.

१३ एप्रिल

नर आला. सकाळी ७.२०.

२० एप्रिल

जाळरेषा (आग अडवायचा साफ पट्टा) काढायची म्हणून मनरेगाची चौकशी केली. १ एप्रिलपासून मजुरी २७३ ची २९७ झाली. आंब्याच्या हंगामात बागायतदार ह्याच्या दुप्पट देऊन दोन वेळचं जेवण देतो, बागांत नेपाळी गडी राखणीला ठेवलेत ते उगाच नाही. जॉबकार्डवर नावं आहेत, माणसं येणार नाहीत. शेवटी आम्ही नऊ जणांनीच दोन सकाळी जाऊन पट्टा साफ केला. राखणदार मे अखेरपर्यंत ठेवला, पावत्यांचे पैसे, मंडळाच्या सेक्रेटरी भाऊंनी स्वतःचे १०,००० (हो, त्यांनीच, वणव्याचा फोटो बघून रात्री फोन आला) आणि उरलेले माझे, होमस्टेतून.

३१ मे

गडगा पूर्ण. रावसाहेबांनी एमबी (कामाच्या मोजमापाची वही) भरली. जिओटॅगचे फोटो तीन, आधी, चालू असताना आणि नंतर. नंतरच्या फोटोत गडगा नीट दिसत नाही, हिरवं खूप आहे, म्हणून परत काढायला लावला.

१० जून

आचारसंहिता संपली, पाऊस लागला आणि पार्किंगची फाइल जिवंत झाली. मी आणि सरपंच ताई सुधारित पत्र घेऊन गेलो की पार्किंग शाळेच्या मैदानाच्या कडेला घ्या, तिथून देवरहाटी चालत पाच मिनिटं, झाडाला हात लागत नाही, सुट्टीत मैदान रिकामंच असतं. साहेबांनी मान्य केलं. सोपं होतं एवढं, आधी कोणाला सुचलं नाही, मला पण नाही.

१९ जून

सुधारित इस्टिमेट आलं. स्वच्छतागृह आहे, फलक आहे, पार्किंग शाळेकडे गेलंय. आयटम ७ वाचला. 'देवरहाटीतील अंतर्गत पाखाडीस ६० एमएम पेव्हर ब्लॉक बसवणे, ११० चौ. मी.'

रावसाहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "अहो रक्कम मंजूर आहे, पार्किंगचे ब्लॉक कमी झाले, पैसे कुठेतरी दाखवायला लागतात ना."

जांभ्याची पाखाडी दुरुस्ती असं लिहून, आयटम ७ लाल पेनाने खोडून परत पाठवलं. तिसऱ्यांदा.